भिंतीकडे वळलेले तोंड

नोव्हेंबरच्या दोन तारखेला, सर्व मृतांच्या स्मरणदिनी, दफनभूमीत जाऊन आपल्या माणसांच्या थडग्यांवर फुले वाहावीत, मेणबत्त्या लावाव्यात, धर्मगुरूंनी पवित्र पाणी शिंपडावे आणि घरी परतताना मन थोडे जड, थोडे हलके असावे, हा आपल्या सर्वांच्याच परिचयाचा अनुभव आहे. २००६ साली त्या दिवशी मी धुळ्याच्या दफनभूमीत माझ्या थोरल्या चुलत्यांच्या थडग्यापाशी उभा होतो. त्यांना जाऊन सहा महिनेही झाले नव्हते. माती अजून पुरती बसली नव्हती. शेजारी माझी मोठी आई, म्हणजे त्यांची पत्नी, पदराआड मेणबत्ती धरून वारा अडवीत होती. प्रार्थना संपली, माणसे पांगली, आणि ती माझ्याकडे न बघताच म्हणाली, "हे तिकडंही तसेच असतील का रे बाळा? तिकडंही तसाच राग धरून बसले असतील का?"

मी धर्मशिक्षणाचे वर्ग घेतलेला माणूस. लहान मुलांना स्वर्ग, नरक आणि शुद्धिस्थान यांच्या व्याख्या पाठ करून घेण्यात माझी कितीतरी वर्षे गेली होती. परंतु त्या क्षणी त्यांतली एकही व्याख्या माझ्या मदतीला आली नाही. "देव दयाळू आहे, मोठी आई," एवढेच मी म्हणालो. ती यावर काही बोलली नाही. मेणबत्ती विझली होती, ती तिने पुन्हा पेटवली.

तिच्या प्रश्नामागची हकिकत थोडक्यात सांगितली पाहिजे. माझे वडील आणि चुलते हे दोघे सख्खे भाऊ त्या वेळच्या अहमदनगर, म्हणजे आजच्या अहिल्यानगर जिल्ह्यातून रेल्वेच्या नोकरीसाठी भुसावळला आले. दोघांनी पै-पै जमवून एक जागा घेतली, तीवर चार खोल्या बांधल्या. कागद थोरल्या भावाच्या नावावर झाला, कारण थोरल्याच्या नावावर होणे हीच रीत होती. पुढे १९७९ साली त्या कागदावरून शब्द वाढले. शब्दांचे भांडण झाले आणि भांडणाचे मौन झाले. चुलते आपल्या मुलाकडे धुळ्याला राहावयास गेले. १९९८ साली माझे वडील वारले, तेव्हा ते अंत्यविधीला आले नाहीत. आणि २००६ च्या मे महिन्यात त्यांचीच वेळ आली. धर्मगुरू घरी आले, त्यांनी रुग्णाभ्यंगाचा संस्कार दिला आणि शेवटी, खोलीतल्या सर्वांसमक्ष, अगदी मायेने विचारले, "भावाला क्षमा केली ना?" चुलत्यांनी उत्तर दिले नाही. त्यांनी कूस बदलली आणि तोंड भिंतीकडे केले. त्याच रात्री ते गेले.

मोठी आई ते भिंतीकडे वळलेले तोंड विसरू शकत नव्हती. तिचा प्रश्न वरकरणी भोळा वाटतो, पण तो ईशज्ञानाच्या फार जुन्या प्रश्नांपैकी एक आहे. देवाला नाकारून मेलेला आत्मा नरकात गेल्यावरही पाप करीतच राहतो काय? करीत असेल तर त्याची शिक्षा दिवसेंदिवस वाढत जाते काय? आणि करीत नसेल, म्हणजे त्याचे पाप मृत्यूबरोबर थांबले असेल, तर थांबलेल्या पापासाठी न थांबणारी शिक्षा का?

त्या हिवाळ्यात मी हा प्रश्न घेऊन आमच्या फादरांकडे अनेक संध्याकाळी बसलो. त्यांच्याजवळ जाड बांधणीची, पाने पिवळी पडलेली पुस्तके होती. मी विचारीत असे, ते पाने चाळून मला समजावीत असत. त्या बैठकींतून जे हाती लागले ते, माझ्या अल्प बुद्धीला पेलले तसे, येथे मांडतो.

प्रथम, ख्रिस्तसभा जे निश्चितपणे शिकवते ते. मृत्यूबरोबर माणसाचा निवडीचा काळ संपतो. देवाची कृपा स्वीकारावी की नाकारावी, ही मोकळीक या आयुष्यापुरती आहे. पोप बेनेडिक्ट बारावे यांनी १३३६ साली काढलेल्या अधिकृत पत्रकात असे घोषित केले की, महापापाच्या अवस्थेत मरण पावणारा आत्मा शेवटच्या न्यायदिवसाची वाट न पाहता मृत्यूनंतर लगेच नरकात जातो. १९९२ साली प्रसिद्ध झालेला कॅथोलिक ख्रिस्तसभेचा धर्मशिक्षणग्रंथही तेच सांगतो. मात्र नरकाची व्याख्या करताना तो आगीपासून आरंभ करीत नाही. देवाच्या आणि धन्य जनांच्या सहवासातून माणसाने स्वतःहून स्वतःला कायमचे वगळून घेणे म्हणजे नरक, अशी त्याची मांडणी आहे. देव कोणालाही नरकासाठी नेमून ठेवीत नाही, हेही तो तितक्याच स्पष्टपणे सांगतो. पोप दुसरे जॉन पॉल यांनी २८ जुलै १९९९ च्या बुधवारच्या सार्वजनिक भेटीत हाच मुद्दा उलगडून सांगितला होता. नरक म्हणजे एखादे ठिकाण असे समजण्यापेक्षा, देवापासून स्वतःला तोडून घेतलेल्याची ती अवस्था आहे, असे ते म्हणाले होते.

येथे मला धुळ्याच्या तुरुंगाची आठवण झाली, आणि ती येण्याला कारणही होते. मोठ्या आईला भेटावयास जाताना माझ्या मनात त्या तुरुंगाची हकिकत नेहमी येई. १९३२ साली त्या तुरुंगात सत्याग्रही कैदी होते. त्यांत विनोबा भावे होते आणि अमळनेरच्या शाळेत शिक्षक म्हणून काम केलेले साने गुरुजीही होते. २१ फेब्रुवारी ते १९ जून असे अठरा रविवार विनोबांनी सहबंदिवानांसमोर गीतेच्या अठरा अध्यायांवर प्रवचने दिली आणि साने गुरुजींनी ती भराभर लिहून घेतली. पुढे 'गीता प्रवचने' या नावाने ते पुस्तक घरोघर गेले. तुरुंग तोच, भिंती त्याच, भाकरीही तीच. परंतु कोणी त्या भिंतींआड मनात वैर घोटीत बसला असेल, तर कोणी त्याच भिंतींआड रविवारची वाट पाहत होता. जागा एक, अवस्था वेगळ्या. नरक हे ठिकाण नसून अवस्था आहे, हे वाक्य मला तेव्हा प्रथम समजले.

त्या प्रवचनांतील सोळावे जूनच्या पहिल्या आठवड्यातले. गीतेच्या सोळाव्या अध्यायात दैवी आणि आसुरी वृत्तींचे वर्णन आहे आणि काम, क्रोध व लोभ यांना नरकाची तीन द्वारे म्हटले आहे. आमच्या चुलत्यांच्या घरात या तीनपैकी दोन द्वारे सताड उघडी होती, आणि खरे सांगावयाचे तर आमच्याही. आमच्या शेजारच्या आजी अहिराणी ढंगात समजूत घालीत, "नरक भोगीसन जीव परत येस," म्हणजे नरक भोगून झाला की जीव पुन्हा जन्माला येतो. त्यांच्या श्रद्धेप्रमाणे नरक हाही वाटेतला मुक्काम आहे. आपली श्रद्धा तशी नाही. आपल्याकडे वाटेतला मुक्काम आहे तो शुद्धिस्थानाचा. नरक हा वाटेचा शेवट आहे. आणि म्हणूनच, तेथे पाप चालू राहते काय हा प्रश्न आपल्यासाठी अधिक कठीण होतो.

संत थॉमस अक्विनास यांनी हा प्रश्न आपल्या 'सुम्मा' या ग्रंथात, ईश्वरनिंदेच्या पापाची चर्चा करताना, सरळ विचारला आहे. नरकातले आत्मे ईश्वरनिंदा करतात काय? त्यांचे उत्तर होकारार्थी आहे. ज्यांची इच्छा देवाच्या न्यायाविरुद्ध वळलेली आहे आणि ज्या गोष्टींसाठी ते शिक्षा भोगीत आहेत त्यांवरच ज्यांचे प्रेम अजून जडलेले आहे, त्यांच्या अंतःकरणात देवाविषयीचा तिटकाराच असणार. म्हणजे मोठ्या आईच्या प्रश्नाचा पहिला अर्धा भाग भयंकरच ठरतो. होय, नरकातला आत्मा 'तसाच' असतो.

परंतु लगेच पुढे संत थॉमस एक भेद करतात, आणि तो समजून घेण्यासारखा आहे. पुण्य जोडणे आणि पापाचा नवा दोष ओढवून घेणे, या दोन्ही गोष्टी वाटसरूंच्या आहेत. लॅटिन ईशज्ञानात या जगातल्या माणसाला वाटसरू असेच म्हणतात. आपल्या खानदेशाला ही कल्पना परकी नाही. दरवर्षी आषाढीसाठी मुक्ताईनगरहून मुक्ताईची पालखी निघते आणि आठवडेच्या आठवडे चालत पंढरपूर गाठते. जो चालत असतो तो वाट चुकू शकतो, चुकलेला परत वाटेला लागू शकतो, मागे पडलेला पुढच्यांना गाठू शकतो. चालणे संपले की यांतले काहीही उरत नाही. तसेच, संत थॉमस म्हणतात, नरकातल्या आत्म्याची ईश्वरनिंदा दुष्ट आहे खरी, पण ती त्याच्या खात्यावर नवा दोष म्हणून चढत नाही. ती त्याच्या शिक्षेचाच भाग आहे. द्वेष करणे थांबवता न येणे, हीच त्याची शिक्षा.

हे मी जेव्हा पहिल्यांदा ऐकले तेव्हा मला वाटले, ही शब्दांची कसरत आहे. पाप आहे पण दोष वाढत नाही, हे कसे? फादरांनी मला साधा दाखला दिला. दारू पिणारा माणूस प्रथम आपल्या मर्जीने पितो, तेव्हा पिणे हा त्याचा दोष. पुढे अशी वेळ येते की दारूच त्याला पिते. त्या वेळचा प्रत्येक पेला ही त्याच्या पहिल्या निवडीचीच फळे आहेत, आणि त्या पेल्यातच त्याचा जाच आहे. "मात्र येथे दारुड्याला अखेरपर्यंत आशा आहे," ते म्हणाले, "कारण त्याची वाट संपलेली नाही. दाखल्याला त्याच्या मर्यादेपलीकडे ताणू नका."

सर्वच विचारवंतांनी हा भेद मान्य केला असे नाही. जर्मन तत्त्वज्ञ लायब्नित्स याने १७१० साली प्रसिद्ध केलेल्या आपल्या ग्रंथात दुसरी बाजू धरली. नरकवासी सतत पाप करीत राहतात, म्हणून ते सतत शिक्षेस पात्र होत राहतात, असे तो मांडतो. त्याच्या युक्तिवादाने एक अडचण सुटल्यासारखी होते. मोजक्या वर्षांच्या पापाला अनंत शिक्षा का, या आक्षेपाला, पापही अनंत आहे म्हणून, असे उत्तर मिळते. परंतु त्याने दुसरी अडचण उभी राहते. मृत्यूनंतरही जर दोष वाढवण्याची मोकळीक उरत असेल, तर तो धुऊन काढण्याची मोकळीक का उरू नये? एक दार उघडे ठेवून दुसरे बंद करता येत नाही. म्हणून मला संत थॉमस यांचीच वाट अधिक सुसंगत वाटते. तेथे दोन्ही दारे मिटलेली आहेत, आणि आत जे चालले आहे ते नवे काही नाही. जुनेच कायमचे झाले आहे.

अनंत शिक्षेच्या आक्षेपाला थोर संत ग्रेगरी यांनी फार पूर्वी, आपल्या 'संवाद' या ग्रंथात, निराळ्या रीतीने उत्तर दिले होते. पापी माणसाला मरण आले म्हणून त्याचे पाप थांबले. त्याच्या मनाला विचारले असते तर त्याला अखंड जगावयाचे होते, म्हणजे अखंड पाप करावयाचे होते. देव कृतीचे दिवस मोजीत नाही, तो अंतःकरण पाहतो. हे वाचल्यावर मी बराच वेळ गप्प बसलो. माझे चुलते आणखी वीस वर्षे जगले असते तर त्यांनी वीस वर्षे राग धरला असता काय? कदाचित. आणि माझे वडील? आणि मी?

आता दुसरा मुद्दा पश्चात्तापाचा. नरकातल्या आत्म्याला आपल्या पापाबद्दल वाईट वाटत नाही काय? 'सुम्मा' अपुरा ठेवून संत थॉमस १२७४ साली मरण पावले आणि त्यांच्या आधीच्या लिखाणातून उरलेला भाग पुढे पुरवणी म्हणून जोडण्यात आला. त्या पुरवणीत याचा विचार आहे. उत्तर असे, की त्यांना वाईट वाटते, पण ते पापाचे नव्हे, पापामुळे भोगाव्या लागणाऱ्या दुःखाचे. आपल्या मराठीत या दोन गोष्टींना दोन शब्द सहज सापडतात. पस्तावा वेगळा, पश्चात्ताप वेगळा. बाजारात भाव पडल्यावर केळी लवकर काढली नाहीत म्हणून शेतकरी पस्तावतो, त्यात त्याचे अंतःकरण बदलत नाही. नरकात पस्तावा आहे, पश्चात्ताप नाही.

येथे एका गैरसमजापासून सावध राहिले पाहिजे. नरकाच्या भीतीने पापनिवेदनाला येणाऱ्या माणसाचा खेद व्यर्थ आहे, असे याचे तात्पर्य नव्हे. ख्रिस्तसभा त्याला अपूर्ण पश्चात्ताप म्हणते आणि तोही पवित्र आत्म्याचे देणे मानते, कारण भीतीने का होईना, तो माणूस पापाकडे पाठ फिरवून दुसरीकडे वळलेला असतो. नरकातला पस्तावा वळतच नाही. दोघांनाही चटका बसतो, पण एक जण हात मागे घेतो, दुसरा निखारा मुठीत घट्ट धरून ओरडत राहतो.

संत लूकच्या शुभवर्तमानातील श्रीमंत माणूस आणि लाजर यांची कथा आपण कितीदा ऐकली आहे. एकदा ती या दृष्टीने वाचून पाहावी. श्रीमंत माणूस यातनेत आहे, तहानेने व्याकूळ आहे. तो वर पाहतो तेव्हा त्याला लाजर दिसतो, त्याचे नावही आठवते. पण तो लाजरशी एक शब्द बोलत नाही. तो अब्राहामला सांगतो, की त्याला पाणी घेऊन माझ्याकडे पाठव. ते जमत नाही असे कळल्यावर म्हणतो, तर मग त्याला माझ्या भावांकडे पाठव. दारात पडलेला फोडांनी भरलेला माणूस त्याच्या लेखी अजूनही निरोप्याच आहे. 'माझे चुकले, लाजर,' एवढे तीन शब्द त्या सबंध कथेत नाहीत. हा दाखला आहे, नरकाचा अहवाल नव्हे, हे मान्य. परंतु प्रभूने ते तीन शब्द त्याच्या तोंडी घातले नाहीत, हे विसरता येत नाही.

मराठी ख्रिस्ती वाचकाला या संदर्भात फादर थॉमस स्टीफन्स आठवल्याशिवाय राहत नाहीत. १६१६ साली राशोल येथे छापलेल्या त्यांच्या ख्रिस्तपुराणात, मानवाच्या पतनाआधी बंडखोर देवदूतांच्या पतनाची कथा येते. या देवदूतांविषयी दमास्कसचे संत योहान यांचा एक विचार ख्रिस्तसभेने जपून ठेवला आहे. देवदूतांच्या पतनानंतर त्यांना पश्चात्ताप नाही, तसा माणसांना मृत्यूनंतर नाही. देवाच्या दयेत काही उणे आहे म्हणून नव्हे, त्यांची निवडच माघार न घेणारी आहे म्हणून. फादर म्हणाले, "देवाने दार लावून घेतले अशी आपली समजूत असते. पण कडी आतून लावलेली असते."

हे सारे समजल्यावर मला आनंद व्हावयास हवा होता. झाली ती भीती. कारण नरकाचे हे वर्णन मला अपरिचित वाटेना. जुनेच दुःख पुन्हा पुन्हा उगाळणे, त्यात एक कडवट गोडी असणे, समोरच्याचे नाव माहीत असून त्याच्याशी न बोलणे, तिसऱ्याकरवी निरोप पाठवणे, सुटण्याची इच्छा असून मूठ न उघडणे, हे मी पाहिले होते. भुसावळच्या आमच्या चार खोल्यांत मी हे वर्षानुवर्षे पाहिले होते. वडील गेल्यावर ते वैर कोणी पुढे चालवले? धुळ्याला माझा चुलतभाऊ राहत होता. मी त्याला दादा म्हणत वाढलो. लहानपणी मे महिन्याच्या दुपारी, भुसावळचे ऊन डोक्यावर आग ओकीत असताना, त्याच्याच सायकलच्या दांडीवर बसून मी गावभर हिंडलो होतो. चुलत्यांच्या अंत्यविधीला मी गेलो तो मोठ्या आईसाठी. दादाशी मी बोललो नाही. दफनभूमीतून परस्पर बसस्थानक गाठले. त्या २ नोव्हेंबरलाही मी दादाच्या घराची पायरी चढलो नव्हतो. मोठी आई दफनभूमीत भेटली, तेथेच बोलली, तेथेच निरोप घेतला.

म्हणजे प्रश्न चुलते तिकडे तसेच असतील काय, एवढाच नव्हता. मी इकडे तसाच होतो. आणि मला अजून वाटसरूची मोकळीक होती. पापाने मन घडत जाते. प्रत्येक पावसाळ्यात तापीकाठच्या मऊ मातीत घळ थोडी अधिक खोल होते, आणि पुढच्या वर्षीचे पाणी आपसूक त्याच घळीतून वाहते. पहिल्या वर्षी फावडे घेऊन ती बुजवता येते. तीस वर्षांनी तीत हत्ती उभा राहतो. मृत्यू नवी घळ खणीत नाही. असलेली तशीच राहते, एवढेच.

फेब्रुवारी महिन्यात मी मोठ्या आईला उत्तर द्यावयास धुळ्याला गेलो. बरोबर फादर होते. त्यांना कामानिमित्त तिकडे जावयाचे होते. त्यांनीच तिच्याशी बोलावे असे मी सुचवले, कारण माझ्याजवळ जे उत्तर होते ते खरे असले तरी विधवेला सांगण्यासारखे नव्हते. मी दादाच्या दारात उभा राहिलो. त्याने दार उघडले. क्षणभर आम्ही दोघेही काय बोलावे ते न सुचून उभे होतो. मग तो म्हणाला, "ये. आई आत आहे."

मोठ्या आईने फादरांनाही तोच प्रश्न विचारला. फादरांनी तिला अक्विनास सांगितला नाही. त्यांनी तिला विचारले, "बाई, त्यांनी भिंतीकडे तोंड फिरवले ते तुम्ही पाहिले. त्या बाजूला तोंड करून त्यांनी काय केले, ते कोणी पाहिले?" ती गप्प राहिली. तेव्हा त्यांनी तिला राजांच्या दुसऱ्या ग्रंथातील हिज्कीया राजाची गोष्ट सांगितली. तू आता मरणार, असा निरोप यशया संदेष्ट्याने आणल्यावर त्या राजानेही आपले तोंड भिंतीकडे फिरवले होते. खोलीतल्यांना फक्त त्याची पाठ दिसली असेल. पण भिंतीकडे तोंड करून तो प्रार्थना करीत होता आणि रडत होता. देवाने ते अश्रू पाहिले. "नरक आहे, हे ख्रिस्तसभा शिकवते," फादर म्हणाले, "पण अमुक एक माणूस तेथे आहे असे तिने कोणाही माणसाविषयी आजवर जाहीर केलेले नाही. यहूदाविषयीसुद्धा नाही. संत म्हणून तिने कितीतरी नावे वाचली, नरकवासी म्हणून एकही नाही. जे ख्रिस्तसभेने केले नाही ते तुम्ही आपल्या नवऱ्याबाबतीत करू नका. शेवटच्या श्वासापर्यंत माणूस वाटेवर असतो, आणि त्या श्वासात काय घडते ते देव जाणतो."

मग त्यांनी तिला शुद्धिस्थानाविषयी सांगितले, आणि ते मला आजवर कोणत्याही व्याख्येपेक्षा अधिक पटले. नरकातला आत्मा चांगले इच्छू शकत नाही, तसा शुद्धिस्थानातला आत्मा आता पाप करू शकत नाही. त्याचे तोंड देवाकडे वळून पक्के झालेले असते, फक्त जुन्या रागाचे डाग जाळून निघावयाचे असतात. म्हणून तेथे वेदना आहे, पण कडवटपणा नाही. तेथल्या आत्म्यांसाठी आपण मिस्सा अर्पण करतो, जपमाळ म्हणतो, दानधर्म करतो. नरकासाठी अशी प्रार्थना नाही, पण नरकापासून सोडवण्याची आहे. फातिमा येथे १९१७ साली मुलांना शिकवलेली जी लहान प्रार्थना आपण जपमाळेच्या प्रत्येक दशकानंतर म्हणतो, तीत सर्वच आत्म्यांना स्वर्गात नेण्याची विनवणी आहे. ज्या ख्रिस्तसभेने नरकाचे अस्तित्व घट्ट धरून ठेवले, तीच रोज कोणीही तेथे जाऊ नये म्हणून देवापुढे पदर पसरते. यात विसंगती नाही. नरक खरा नसता, तर या विनवणीला अर्थच उरला नसता.

मोठी आई म्हणाली, "म्हणजे मी त्यांच्यासाठी मिस्सा सांगू?" फादर म्हणाले, "सांगा. आणि दोन्ही भावांच्या नावाने एकच सांगा." दादाने तेव्हाच खिशात हात घातला. मीही घातला. आम्ही दोघांनी मिळून मिस्साचे पैसे दिले. १९७९ नंतर आमच्या दोन घरांनी एकत्र खर्च केलेले ते पहिले पैसे.

वाचकांना येथे गोड शेवट हवा असेल, पण मला खरे तेच लिहिले पाहिजे. भुसावळच्या त्या कागदाचा प्रश्न त्या दिवशी सुटला नाही, आजही पुरता सुटलेला नाही. दादा आणि मी फार बोलणारे भाऊ झालो नाही. कधी कधी जुना राग मनात येतो आणि मी पाहतो की पाणी त्याच घळीकडे धावते आहे. मग मी धुळ्याला फोन करतो, काहीतरी निमित्त काढून. कधी केळीच्या भावाची चौकशी करतो, कधी नुसतेच ऊन किती आहे ते विचारतो. एवढे एक-दोन फावडी माती टाकण्यासारखेच आहे. मोठी आई २०११ साली गेली. तिला चुलत्यांच्या शेजारीच ठेवले. दर २ नोव्हेंबरला मी आधी भुसावळला वडिलांच्या थडग्यावर मेणबत्ती लावतो आणि मग धुळ्याला जातो.

नरकातले आत्मे पाप करीत राहतात काय, या प्रश्नाचे ईशज्ञानातले उत्तर मी वर दिले आहे. त्यांची इच्छा वळत नाही, आणि ते न वळणे हीच त्यांची शिक्षा. पण हा प्रश्न आपल्यासारख्या वाटसरूंना ख्रिस्तसभेने पढवला तो तिकडची खबर मिळावी म्हणून नव्हे. आपली कूस अजून बदलता येते, हे आपल्या ध्यानात राहावे म्हणून. दादा आता थकला आहे. दफनभूमीत वारा असतो. तो पंजा आडवा धरतो आणि मी काडी ओढतो.